व्हॅक्सिनमध्ये गाय, मग लसीत काय?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न आजारांच्या आणि औषधांच्या नावांबद्दल होते, म्हणून हा अख्खा अंक त्यांनाच दिला. पहिल्या प्रश्नावर जास्त जागा गेली आहे, कारण तो प्रश्न मला फार आवडला.

प्रश्न: मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॅक्सिन हा शब्द गाईवरून आला असं आम्हाला वर्गात सांगितलं. मग आपल्या 'लस' या शब्दाचं काय? मैत्रीण म्हणते लस आणि लसूण एकच, लसणाने रोगाशी लढायची ताकद येते म्हणून. आजी तर लस म्हणतच नाही, ती 'देवी काढल्या' म्हणते. खरं काय आहे?

उत्तर: लसूण आधी बाजूला ठेवू. तो संस्कृतातल्या लशुनवरून आला आणि त्याचा लसीशी काही संबंध नाही, ऐकायला जवळचे वाटतात एवढंच. मैत्रिणीला चूक म्हणून गप्प मात्र करू नका, कानाला जुळलं की अर्थ जोडून बघायचा हा आपल्या सगळ्यांचाच स्वभाव आहे आणि शब्दांबद्दलची उत्सुकता बहुतेक वेळा अशीच सुरू होते.

आता लस. याचं उत्तर तुम्ही वॉर्डात रोज बघत असणार. गुडघा खरचटला की रक्त थांबल्यावर वरून चिकट, पिवळसर पाणी झिरपत राहतं, फोड फुटला की पण तेच, आणि आपण म्हणतो 'जखमेतून लस येतेय'. तीच ही लस. वेगळा शब्द नाही, तोच. संस्कृतात याला लसीका म्हणतात आणि चरकसंहितेत तर चक्क व्याख्याच दिली आहे, की शरीरात जे पाणी आहे त्यातलं जे त्वचेच्या आत असतं आणि जखमेत दिसतं त्याला लसीका हे नाव मिळतं. तुमच्या अ‍ॅनाटॉमीच्या मराठी पुस्तकात 'लसिका ग्रंथी' असं लिहिलेलं असेल बघा, म्हणजे ज्यांना आपण लिंफ नोड म्हणतो त्या. तिथली लसिका आणि दंडात टोचतात ती लस, दोघी एकाच घरातल्या.

पण जखमेतल्या पाण्याचं नाव औषधाला कसं लागलं? यासाठी मागे जावं लागेल. १४ मे १७९६ला इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने एका दूध काढणाऱ्या तरुणीच्या हातावर उठलेल्या फोडातलं पाणी घेतलं आणि ते आठ वर्षांच्या एका मुलाच्या दंडावर बारीक ओरखडे काढून तिथे लावलं. त्या तरुणीला गाईपासून आलेल्या सौम्य देवी झाल्या होत्या, कासेवर फोड येतात तो आजार. पुढे त्या मुलाला खऱ्या देवीचं द्रव्य टोचून बघितलं, आणि त्याला देवी आल्या नाहीत. आजच्या नियमांत असा प्रयोग कुणालाच करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे, लहान मुलावर असं काही करून बघायचं हा विचारच आज सहन होत नाही. पण सगळी गोष्ट सुरू झाली ती इथून. १७९८ मध्ये जेन्नरने जी पुस्तिका छापली तिच्या नावात 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी' असे लॅटिन शब्द आहेत, म्हणजे सरळ मराठीत 'गाईंच्या देवी'. व्हॅका म्हणजे गाय, व्हॅक्सिनी म्हणजे गाईची. म्हणजे व्हॅक्सिन हे मुळात नुसतं विशेषण होतं बघा, 'गाईचं' एवढाच अर्थ, कशाचं ते सांगणारा शब्द गळून पडला आणि विशेषणच नाव होऊन बसलं.

मग ही गोष्ट जगभर गेली कशी, इथेच आपला शब्द दडलेला आहे. तेव्हा ना फ्रीज होता, ना सीलबंद बाटल्या. ते पाणी दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवून पाठवायचे पण लांबच्या प्रवासात, उन्हात, त्याचा गुण निघून जायचा. मग उपाय एकच, एका माणसाला टोचायचं, आठवडाभराने त्याच्या दंडावर फोड तयार झाला की त्यातली लस काढून दुसऱ्याला टोचायची, त्याच्या फोडातली तिसऱ्याला, अशी माणसांची साखळी. दंडावरून दंडावर. बगदाद, बसरा असं करत ती अशीच मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तिथे एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, भारतातली ती पहिली. आता ज्यांच्या डोळ्यांसमोर हे चाललंय त्यांना दिसत काय होतं? गाय दिसत नव्हती. गाय हजारो मैल मागे राहिली होती. दिसत होती ती फोडातली लस, ती काढली जात होती, ती टोचली जात होती. म्हणून लस टोचली. खुद्द इंग्रज डॉक्टरही त्या काळी याला लिंफच म्हणायचे, आणि लॅटिनमध्ये लिंफा म्हणजे स्वच्छ पाणी. त्यामुळे आपला शब्द कुठल्याही अर्थाने गावठी किंवा कामचलाऊ नाही, डॉक्टर स्वतः जे नाव वापरत होते त्याचा तो अगदी नेमका जोडीदार आहे. मला मनापासून वाटतं की हे नर्सिंगच्या वर्गात व्हॅक्सिनच्या गाईइतकंच ठळकपणे सांगायला हवं.

शेजारच्या भाषा बघितल्या की अजून मजा येते. कन्नडमध्ये लसिके, म्हणजे आपलाच शब्द. गुजरातीत रसी, आणि रसीचा तिथे दुसरा अर्थ पू, म्हणजे त्यांनीही फोडातलंच बघितलं. हिंदी आणि बंगालीत मात्र टीका, टिका, त्यांनी नाव दिलं ते त्वचेवर उमटणाऱ्या खुणेवरून. एकच सुई, कुणी तिच्यातलं द्रव्य बघितलं, कुणी तिची खूण, आणि इंग्रजीने धरून ठेवली गाय.

गाईचंही पुढे काय झालं ते सांगायला हवं. १८८१ मध्ये लंडनला डॉक्टरांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथे लुई पाश्चरने जाहीर केलं की आपण व्हॅक्सिनेशन हा शब्द आता फक्त देवीपुरता न ठेवता सगळ्याच रोगांसाठी वापरतोय, जेन्नरच्या सन्मानासाठी. तेव्हापासून कोंबड्यांच्या कॉलऱ्याची, अँथ्रॅक्सची, पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाची, सगळ्यांचीच व्हॅक्सिन झाली, गाईचा कुठेही संबंध नसताना. आणि देवीच्या लसीत पुढे वापरला गेलेला जो विषाणू, ज्याला व्हॅक्सिनिया म्हणतात, त्याची जनुकं आता वाचून झाली आहेत आणि तो गाईच्या देवीपेक्षा घोड्यांच्या देवीच्या जास्त जवळचा निघाला. जेन्नरला स्वतःलाही शंका होती की हा आजार घोड्यांकडून गाईंकडे आला असावा. म्हणजे नावातली गाय खरं तर पूर्णपणे गाय नव्हतीच. लस शब्दाला असा काही धक्का बसत नाही, कारण तो मूळ प्राण्याबद्दल काही दावाच करत नाही.

आता आजीचं. आजी अगदी बरोबर आहेत. या रोगाचं नावच आपल्याकडे देवी, शरीरात देवी आली असं लोक मानायचे म्हणून 'देवी आल्या' असं आदराने, अनेकवचनात. मग सुईने मुद्दाम एखादा फोड उठवायचा म्हणजे 'देवी काढणे'. मोठ्या वयाच्या माणसांच्या दंडावर तो गोल, खोलगट व्रण अजून दिसतो. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं आणि मग हळूहळू ते क्रियापदही गेलं, आता कुणी 'पोलिओ काढला' म्हणत नाही. आजींकडून हे सगळं लिहून घ्या, हा शब्द असा सहज तोंडात असणारी ती शेवटची पिढी आहे.

एक राहिलंच. देवीच्या टोचणीला जुना शब्द होता इनॉक्युलेशन, आणि तो बागेतून आलाय. लॅटिनमध्ये ऑक्युलस म्हणजे डोळा, आणि झाडाच्या फांदीवरच्या कोंबालाही तेच नाव. एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा ते इनॉक्युलेट करणं. मराठीत गुलाबाचं कलम करणारे काय म्हणतात? डोळा भरणे! दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कोंबाला डोळाच म्हटलं, आणि सालीत चीर देऊन डोळा भरणं आणि कातडीत चीर देऊन लस भरणं हे हाताला सारखंच काम, म्हणून बागेतला शब्द दवाखान्यात आला.

प्रश्न: माझी रास कर्क आहे. मागच्या वर्षी मला कॅन्सर निघाला, आता ट्रीटमेंट पूर्ण झाली आहे. पण एका नातेवाईकाने 'रासच कर्क, मग कर्करोग होणारच' असं म्हटलं आणि ते डोक्यातून जात नाहीये. नावाचा खरंच काही संबंध आहे का?

उत्तर: नावाचा आहे, आजाराचा नाही. हे आधीच स्पष्ट लिहितो, कारण तुम्ही ते वाक्य किती दिवस मनात घेऊन फिरत असाल याची कल्पना येते. एकाच प्राण्याचं नाव दोन वेगवेगळ्या लोकांनी दोन वेगवेगळ्या गोष्टींना दिलं. आकाशाकडे बघणाऱ्यांनी ताऱ्यांच्या एका पुंजक्याला खेकडा म्हटलं आणि शरीराकडे बघणाऱ्यांनी एका गाठीला. दोघांची गाठ पडली ती फक्त शब्दकोशात.

वैद्यांची बाजू अशी. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस आणि त्याच्या परंपरेतले लोक, म्हणजे ख्रिस्तपूर्व ५व्या-४थ्या शतकातले, न भरणाऱ्या, पसरत जाणाऱ्या गाठींना कार्किनोस म्हणायचे, ग्रीकमध्ये खेकडा. का, याचं जुन्या लेखकांनी दिलेलं सगळ्यात पटणारं कारण गेलनचं आहे, हा २ऱ्या शतकातला वैद्य, तो म्हणतो स्तनाच्या गाठीभोवती दोन्ही बाजूंना फुगलेल्या शिरा दिसतात त्या खेकड्याच्या पायांसारख्या असतात. बिचाऱ्यांकडे ना सोनोग्राफी ना बायॉप्सी, आजार इतका वाढायचा की बाहेरून तसं दिसायला लागायचं, तेव्हा कुठे त्याला नाव मिळायचं. नंतरच्यांनी असंही म्हटलं की खेकडा जसं धरलेलं सोडत नाही तशी ही गाठ चिकटून बसते, म्हणून. रोमन लेखकांनी ग्रीक खेकड्याच्या जागी लॅटिन खेकडा ठेवला, तो म्हणजे कॅन्सर. कार्सिनोमा मात्र ग्रीकच राहिला. आणि ऑन्कॉलॉजिस्ट यातला ऑन्को गेलननेच वापरलेल्या 'ऑन्कोस'वरून, त्याचा अर्थ सूज, फुगवटा.

आपला कर्क हा ग्रीक कार्किनोसचा लांबचा भाऊ आहे, उसना घेतलेला नाही, दोन्ही एकाच जुन्या मुळातून आलेत आणि ते मूळ कठीण, खरखरीत अशा अर्थाचं असावं असं भाषेचे अभ्यासक मानतात, संस्कृतातला कर्कशही त्याच कुटुंबातला धरतात. खेकड्याच्या कवचावरून आलेलं नाव, एवढंच. पण 'कर्करोग' हा शब्द जुना नाही हं. आयुर्वेदात गाठीला अर्बुद म्हणत होते, त्यात खेकडा कुठेच नव्हता. कर्करोग आपण कॅन्सरचं भाषांतर करून बनवला. अरबीत सरतान म्हणजे खेकडाही आणि कॅन्सरही, जर्मनमध्ये क्रेब्सचेही तेच दोन अर्थ, सगळीकडे तो एकच ग्रीक खेकडा भाषांतर होत होत फिरला आहे. आपल्याकडे जर अर्बुद हेच नाव चालू राहिलं असतं तर तुमच्या नातेवाईकांना ते वाक्य सुचलंच नसतं, आणि तुमचा आजार मात्र होता तसाच असता. तुमची रास वेगळी असती तरी तसाच असता.

त्यांना हे वाचून दाखवा वाटलं तर. आणि फॉलोअपची तारीख चुकवू नका.

प्रश्न: सासऱ्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात काचबिंदू निघालाय. घरात सगळे दोन्ही एकच समजतात. शिवाय कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा असं वाचलं, डोळ्यात धबधबा कुठून आला?

उत्तर: धबधबा भाषांतरातून आला. ग्रीक शब्दाचा अर्थ वरून खाली कोसळणारं, त्यावरून धबधबा, आणि किल्ल्याच्या दरवाजात वरून खाली सोडतात ती जाळीही. अरबी वैद्यांची समजूत होती की मेंदूकडून एक पाणी खाली उतरतं आणि बाहुलीच्या मागे साचून पडदा धरतं, ते या आजाराला 'पाणी उतरणं' असंच म्हणायचे. ११व्या शतकात त्यांची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली तेव्हा भाषांतर करणाऱ्याने त्यासाठी कॅटरॅक्टा शब्द वापरला. पाणी वगैरे काही नसतं, डोळ्यातलं भिंगच गढूळ होतं, हे १८व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं, पण तोवर नाव पक्कं झालं होतं.

मोतीबिंदू हे नाव याच्यापेक्षा कितीतरी सरळ आहे, बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो म्हणून मोतीबिंदू, कारणाबद्दल काही म्हणणंच नाही, जे दिसतं ते सांगितलं. काचबिंदूतला काच हा जुन्या वैद्यकातला शब्द आहे, दृष्टी मंदावत जाते त्यातल्या एका पायरीचं ते नाव होतं. ग्लॉकोमा हा ग्रीक, ग्लॉकोस म्हणजे निळसर-हिरवट-करडा असा डोळ्याचा रंग, आणि गंमत म्हणजे ग्रीकांच्या त्या शब्दात आजचे हे दोन्ही आजार मिसळलेले होते, म्हणजे तुमच्या घरात जो गोंधळ आहे तो दोन हजार वर्षांपूर्वीही होताच.

फक्त आज हा गोंधळ परवडणारा नाही. मोतीबिंदूत गढूळ भिंग काढून नवीन बसवता येतं आणि बहुतेकांना पुन्हा नीट दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातलं प्रेशर वाढल्यामुळे, आणि गेलेली नजर परत येत नाही, असलेली जपता येते. 'बिंदू' ऐकून 'पिकला की ऑपरेशन करू' असं काचबिंदूच्या बाबतीत कुणी म्हणत असेल तर लगेच थांबवा, ड्रॉप्स रोजच्या रोज घालायचेच.

प्रश्न: मलेरियाला हिवताप का म्हणतात? हिवाळ्यात होतो म्हणून?

उत्तर: नाही, पण हिवाळा आणि हिवताप दोघांतलं हिव एकच, संस्कृत हिम, म्हणजे थंडी. ताप चढायच्या आधी जी हुडहुडी भरते ती या नावात आहे. मलेरिया हा इटालियन, माला आरिया म्हणजे वाईट हवा, दलदलीतल्या घाण हवेने हा ताप येतो अशी समजूत होती म्हणून. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात याचा परजीवी बघितला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला तो डासाच्या पोटात शोधला. हवा निर्दोष सुटली, नावातून मात्र सुटली नाही. हिवतापाला असं काही मागे घ्यावं लागलं नाही, थंडी वाजते आणि ताप येतो, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

प्रश्न: पेशंट आणि पेशन्स हे एकच का? आणि रुग्ण म्हणजे नेमकं काय?

उत्तर: एकच. लॅटिनमध्ये सोसणे या अर्थाचं क्रियापद आहे, त्यावरून पेशंट म्हणजे सोसणारा आणि पेशन्स म्हणजे सोसण्याची ताकद. आपला रुग्ण आला 'रुज्' या धातूवरून, त्याचा मूळ अर्थ मोडणे, तोडणे. रोग हाही त्याच धातूचा. म्हणजे रोग हा मोडणारा आणि रुग्ण म्हणजे मोडलेला. संस्कृतात वाऱ्याने मोडलेल्या फांदीलाही रुग्ण म्हणता येतं.